एक रिंग, म्हणजे सगळं ठीक

रविवार, ११ जानेवारी. सकाळी साडेनऊ ते दुपारी एक. भोगीला तीन दिवस बाकी.

हजर: समोरच्या कमलाकाकू, वय चौऱ्याऐंशी, वेताच्या खुर्चीत. त्यांच्याकडे काम करणारी सेल्वी, शिडीवर. मी, वही घेऊन. भंगारवाला दोनदा दारातून डोकावून गेला. गैरहजर: अक्का.

अक्काला कोणी बोलावलं नव्हतं. ती पापनाशमला असते, मी इथे तंजावूरला, राजवाड्यामागच्या आमच्या जुन्याच गल्लीत. काकूंचा माळा आवरायला तिला तिथून आणायचं काही कारण नव्हतं. तरी हजेरी लिहिताना हात तिच्या नावाकडे जातोच. आमच्या घरात दोनच मुली. एक लिहिली की दुसरी लिहावी लागते.

भोगीला घरातलं जुनं बाहेर काढायचं असतं. काकूंनी शनिवारीच निरोप धाडला होता, "वही घेऊन ये. तुझ्याइतकं नीट टाकता कोणाला येत नाही." हे कौतुक की टोमणा, ते काकूंच्या बाबतीत मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही. मी तीन रकाने आखले: ठेवणे, देणे, टाकणे. अकरा वाजेपर्यंत तिसऱ्या रकान्यात एक फुटकी चाळणी आणि दोन छत्र्यांच्या काड्या, एवढंच. बाकी प्रत्येक वस्तूला काकू म्हणत होत्या, "राहू दे गे ते, कामाला येईल."

मग सेल्वीनं माळ्यावरून एक बोचकं खाली दिलं. विरलेल्या वेष्टीत, जुन्या धोतरात, गुंडाळलेला काळा टेलिफोन. डायलच्या भोकात ते पितळी, बुटकं कुलूप तसंच अडकलेलं. किल्ली नाही.

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आवाज येणार नाही हे माहीत होतं. वास मात्र आला. बोलायच्या जाळीतून कापूर, तपकीर आणि जुन्या कागदांचा, काकूंच्या यजमानांच्या, वकीलकाकांच्या बैठकीचा वास. आणि त्या वासामागून आमचं स्वयंपाकघर आलं, रस्ता ओलांडून, विचारल्याशिवाय.

अप्पा तालुका कचेरीत कारकून होते. महिन्याचे शेवटचे दहा दिवस आमच्याकडे फार लांब असत. पण काटकसर हा शब्द घरात कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. ती पाण्यासारखी होती, सगळ्या भांड्यांत. कॉफीचं पहिलं डिकाशन अप्पांचं आणि पाहुण्यांचं. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून दुसरं आमचं. तिसरं आईचं. ते जवळजवळ पाणीच असायचं. आई म्हणायची, मला गडद सोसत नाही. अप्पांची वेष्टी विरली की तिचे आधी पंचे व्हायचे, मग ती गच्चीवर वडामाच्या पापड्या वाळत घालायला जायची, तिथून फरशी पुसायला, आणि अगदी शेवटी देवापुढच्या वाती. आमच्याकडे वस्तू मरत नसत. हलक्या होत जात.

स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. शनिवारी दुपारी अक्का आणि मी लाकडाच्या वखारीतून भुशाचं पोतं ओढत आणायचो. शेगडीच्या मधोमध केसांच्या तेलाची रिकामी बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक काठी आडवी घालायची, आणि भोवती मूठमूठ भुसा टाकून ठोकत जायचं. सगळा भरला की काठी काढायची आणि बाटली गोल फिरवत अलगद उपसायची. मागे गुळगुळीत विहीर राहिली पाहिजे. ती राहिली तर शेगडी चार तास जळते, भात, सांबार, आंघोळीचं पाणी, सगळं होतं. ढासळली तर पहिल्यापासून. ढासळायची ती माझ्या हातून.

"श्वास धरून काढ गे," अक्का म्हणायची. "बाटलीला कळता कामा नये, आपण तिला काढतोय ते."

ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिच्या हातून एकदाही विहीर ढासळली नाही. तिच्या वेणीत सागाच्या भुशाचा कडवट वास असायचा, धुतल्यावरही. रात्री एका उशीवर झोपताना तो माझ्याकडे यायचा. अजून कुठे सुतारकाम चाललेलं असलं की मी सायकल हळू करते.

याद्याही तिच्याकडूनच आल्या. ती कोळशानं चुलीमागच्या भिंतीवर लिहायची, तमिळमध्ये: उरलेल्या साबणाच्या चिपा नव्या वडीला चिकटवणे, चिंचेचा चोथा पितळेसाठी ठेवणे, तांदळाचं धुवण केळीला. वर्ष संपलं की माझ्या वह्यांतली कोरी पानं ती उसवून काढायची आणि मी त्यांची नवी वही शिवायची. हे काम माझं. आमच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, मी दाभण घेऊन बसायचे, कारण तिथे उजेड फुकट होता.

मग अक्काचं लग्न झालं. पापनाशमला भावोजींचं खताचं दुकान होतं आणि दुकानात फोन होता. आमच्या गल्लीत एकच फोन, वकीलकाकांचा, हाच. त्याला कुलूप अशासाठी, की बाहेरचा फोन आत येऊ दे, आतून बाहेर जाऊ नये. गल्लीतल्या प्रत्येक पोराला एकदा तरी फोन करून बघायचा असायचा.

जायच्या आदल्या संध्याकाळी अक्का शेगडी भरता भरता म्हणाली, "न उचललेल्या फोनला पैसे पडत नाहीत. ठाऊक आहे?"

"मग न उचलता बोलणार कसं?" मी विचारलं.

"मोजून." तिनं भुशावर मूठ आपटली. "एक रिंग वाजून बंद, म्हणजे सगळं ठीक. दोन, म्हणजे मी येतेय, भात जास्त टाका. तीन, म्हणजे तुम्ही या."

आई खूष झाली. तिनं तेच काकूंना तीनदा समजावलं. तीनपर्यंत उचलायचा नाही, काहीही झालं तरी.

त्यानंतर दर सकाळी सात दहाला त्या घरात फोन वाजायचा. काकू पोळपाट सोडून फोनपाशी जायच्या, हात रिसीव्हरच्या वर धरून उभ्या राहायच्या, आणि मग खिडकीत येऊन रस्त्यापलीकडे ओरडायच्या, "एऽऽक!"

आतून आई ओरडायची, "सरी!" म्हणजे, बरं.

एवढंच. अक्का बरी आहे हे दूधवाल्यापासून केळीची पानं विकणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना कळायचं. एखाद्या दिवशी काकूंना उशीर झाला तर ती म्हातारीच विचारायची, "काय, आज एक नाही?" दिवाळीच्या आधी "दोऽऽन!" आला की आई तांदूळ धुताना एक मूठ जास्त घ्यायची, आणि मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचे. तीन फक्त एकदा वाजल्या, भावोजी गेले त्या दिवशी. काकू तेव्हा खिडकीत आल्या नाहीत. अनवाणी रस्ता ओलांडून आमच्या दारात आल्या.

एक गोष्ट मात्र आमच्या घरात कायमची विनोदाची होती. काकूंना मोजता येत नाही. कधी कधी सकाळी फोन चार-पाच वेळा वाजायचा. आम्ही हातातलं टाकून दारात यायचो. बराच वेळ काही नाही. मग काकू खिडकीत. "एऽऽक!"

"अहो काकू, आम्ही पाच ऐकल्या!"

"त्या पक्षकाराच्या. वकिलांकडे माणसं येणार नाहीत का? तुमची एकच."

अप्पा हसायचे. "वकिलाची बायको. पाचाची एक करून दाखवते."

अक्का दर महिन्याला कोणाच्या तरी हाती एक पुडकं पाठवायची. त्यात असायचं काय, तर दोरा. खताच्या पोत्यांची तोंडं शिवलेली असतात तो जाड निळा दोरा. ती पोतं फोडताना तो न तोडता सलग उसवायची, धुवायची, पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवायची. मला वह्या शिवायला. कितीही धुतला तरी त्याला खताचा उग्र वास यायचा, नाकात झोंबणारा. माझ्या कॉलेजच्या सगळ्या वह्यांना तो वास होता. शेजारच्या मुली सरकून बसायच्या. मी दुसरा दोरा कधी वापरला नाही.

दिवाळीला अक्का आली की आणखी एक नवी सवय घेऊन यायची. एका वर्षी तिनं संध्याकाळची कॉफी सोडली होती.

"नको. मी घेत नाही हल्ली," ती म्हणाली.

"जळजळतं का?" आईनं विचारलं.

"तसंच काहीतरी."

आईनं माझ्याकडे बघितलं. "बघ, शिक. तेवढीच पूड वाचते." मी शिकले. त्या दिवसापासून मीही संध्याकाळची कॉफी सोडली. अक्का करते ते मला करायचंच असायचं. चाळीस वर्षं होत आली. ऑफिसात पावणेपाचला सगळ्यांचे पेले वाजतात तेव्हा मी पाणी पिते. लोकांना वाटतं तब्येत. मला वाटायचं, अक्का आणि मी.

हे सगळं सांगायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा फार कमी वेळ मी तो रिसीव्हर धरला असेन. मग खाली ठेवला आणि पेन उचललं.

"काकू, हा टाकणेमध्ये लिहू?"

काकूंनी हात पुढे केले. सेल्वीनं फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

"कुठे लिहायचा ते तुझ्या अक्काला विचार. यावर माझ्यापेक्षा तीच जास्त बोललीय."

"अक्का? ती कुठे बोलायची? ती तर एकच द्यायची."

"हो, हो," काकू म्हणाल्या. "आणि मला मोजता येत नव्हतं."

सेल्वी हसली. तिला मराठी येत नाही, पण काकूंचा हा सूर तिला कळतो. मी हसले नाही.

"चार-पाच वाजल्या की मला कळायचं, आज ही ठेवणार नाही," काकू म्हणाल्या. "मग मी उचलायचे. आधी बोलायचीच नाही. दुकानातला पंखा ऐकू यायचा, खर्र खर्र. मग विचारायची, काकू, आई काय करते? मी या खिडकीतून बघायचे आणि सांगायचे. आई सुपात तांदूळ निवडते. अप्पा पेपर मागायला इकडेच निघालेत. धाकटी तिण्णैवर वही शिवते."

धाकटी म्हणजे मी.

"मग विचारायची, दोरा कुठल्या रंगाचा? दर वेळी तेच. मला काय दिसतंय इथून? दोरा तो दोरा. मी सांगायचे, पांढरा."

मी रकान्याची रेघ पुन्हा एकदा गिरवली.

"पैसे पडायचे, काकू," शेवटी मी म्हटलं, आणि तो आवाज थेट आईचा होता.

"पडायचेच. भावोजी तुझे काही बोलले नसते, चांगला माणूस. हिनंच स्वतःला दंड ठरवला होता. एकदा बोललं की आठवडाभर संध्याकाळची कॉफी बंद. पुढे पुढे आठवडे एकमेकांना लागून यायला लागले, मग म्हणाली, काकू, आता सोडूनच दिली."

"पण आम्ही समोर तर होतो. तुम्ही हाक मारायचीत. मी धावत आले असते."

"मी म्हटलं नसेन? म्हणायची, नको, बोलावू नका. आईचा आवाज ऐकला तर घरी यावंसं वाटेल, आणि गाडीचं तिकीट कॉफीत बसत नाही." काकूंनी पदराच्या टोकानं डायल पुसला, एकेक भोक. "आणि ठेवताना नेहमी एकच. काकू, खिडकीत जा आणि एक म्हणा. विसरू नका हं. एकच म्हणा."

खिडकी माझ्या समोरच होती. तिच्या गजांतून आमची तिण्णै दिसते. मी एवढी वर्षं त्या बाजूनं ही खिडकी बघत आले, या बाजूनं ती तिण्णै कधी बघितली नव्हती. रिकामी होती. माझ्या चपला, धुतलेलं पायपुसणं, कुंडीतली तुळस. काकूंना दोष देता येत नाही. तिथे बसलेल्या मुलीच्या हातातला दोरा निळा की पांढरा, ते इथून कोणालाही दिसलं नसतं.

सेल्वीनं तमिळमध्ये विचारलं, भंगारवाला परत आलाय, फोन द्यायचा का? काकू म्हणाल्या, "त्याला सांग, हा आमच्या घरातला सगळ्यात महाग फोन आहे. परवडणार नाही त्याला." मी पहिल्या रकान्यात लिहिलं. ठेवणे.

आता अप्पा नाहीत, आई नाही. भुशाची शेगडी असायची तिथे मिक्सर आहे. अक्काकडे मोबाईल आहे, माझ्याकडेही, आणि महिन्याला एकदा पैसे भरले की कितीही बोला, वेगळं काही पडत नाही. तरी रोज सकाळी सात दहाला माझा फोन एकदा वाजून बंद होतो. मी उलट एकदा वाजवते. झालं. आईच्या श्राद्धाला वर्षातून एकदा आम्ही भेटतो आणि उडीद डाळीच्या भावाबद्दल बोलतो. यंदा तिच्या गुडघ्यांमुळे तेही राहिलं. मला नेहमी वाटायचं की आमचं बरं चाललंय. एकाही बहिणीला दुसरीची अडचण नाही.

शुक्रवारी भाच्याचा मेसेज आला. पोंगल झाला की येत्या रविवारी अम्माला कायमचं होसूरला नेतोय, पापनाशमचं घर सोडतोय. दहाव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, काळजी करू नका.

त्याही सकाळी सात दहाला एकच रिंग वाजली होती. शनिवारी एक. आज एक.

दुपारी घरी आले आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक जुनी वही काढली. कोरं एकही पान नाही, टाकायची होती, का ठेवली सांगता येत नाही. शिवण घट्ट आहे. निळा रंग कडेला उडालाय, पण पानांच्या आतल्या घडीत तसाच आहे, शाईसारखा. नाक लावलं. वास गेला होता. मग दाभणाच्या भोकापाशी, अगदी आत, थोडासा होता.

पावणेपाचला मी फिल्टर धुतला आणि संध्याकाळची कॉफी केली. पहिलं डिकाशन. पितळी पेल्यात, वरून ओतून, फेस आणून. दोन घोट घेतले. घशाला ओळख पटेना.

मग फोन हातात घेतला. ठरवलं होतं ते असं: वाजू द्यायचा. एकच्या पुढे, दोनच्या पुढे, तीनच्याही पुढे, ती उचलेपर्यंत. आणि उचलला की पहिल्यांदा दोऱ्याचं सांगायचं, मग बाकीचं. मी ते कागदावरही लिहून घेतलं होतं.

एक वाजली. दुसरी वाजली. आणि माझा अंगठा, मी न सांगता, लाल खुणेवर गेला.

स्क्रीन काळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. दोन. दोन म्हणजे मी येतेय, भात जास्त टाका.

मी फोन तसाच धरून उभी राहिले. पेल्यावर साय धरत होती. पापनाशमच्या त्या घरात आता निम्मं सामान बांधलेलं असेल. अक्का कुठेतरी दोन खोक्यांच्या मध्ये बसली असेल, फोन मांडीवर, आणि मोजत असेल. तिच्या मोजण्यात कधी चूक होत नाही.

चार-पाच मिनिटं गेली असतील. माझा फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

सोमवारची यादी लिहून ठेवली आहे. रजेचा अर्ज, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खूण. किल्ली सेल्वीकडे, खूण. तुळशीला पाणी, तिलाच सांगितलं, खूण. सकाळची पापनाशम पॅसेंजर, वेळ बघितली, खूण. कॉफीची पूड, पाव किलो, ताजी दळून, खूण. निळ्या दोऱ्याची वही पिशवीत, खूण.

राहिलेलं: अक्काला सांगणे, दोरा पांढरा नव्हता.